आतल्या खोलीतली बुलेट

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. मोठ्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाने पहिल्यापासून लिहून ठेवलेलं बरं. मागाहून लोक विचारतात.

ठरलं. पेण ते गुहागर, सागरी रस्त्याने, चार दिवस, बाईकवर, ग्रुपने. रोहा, मुरूड, जेटीने दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पुन्हा जेटी, केळशी, आंजर्ले, दाभोळ. समुद्र सतत उजव्या हाताला. व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, 'सागरी रायडर्स पेण-रोहा'. अॅडमिन आणि लीडर मी. अकरा जण जॉइन झाले. त्यातला एक गॅस सिलेंडरवाला चुकून आलाय, पण राहू दे.

बुलेट दिवाळीत घेतलीच आहे. सेकंडहॅंड, पण रुबाब फर्स्टहॅंड. आता फक्त निघायचं.

दुपारी. बायकोला सांगितलं. प्रतिक्षा गणपतीच्या सोंडेवरून ओला हात फिरवत होती. म्हणाली, कधी? म्हटलं, २५ ला, सव्वीस जानेवारी धरून. म्हणाली, बरं. एवढ्या मोठ्या प्लॅनला नुसतं 'बरं'. बाईमाणसाला रस्त्याची ओढ नसते.

१५ जानेवारी, बुधवार.

का जायचं, तेही लिहून ठेवतो. बाबांनी सगळं आयुष्य ह्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखले. हरिहरेश्वरला जाऊ, हरिहरेश्वरला जाऊ, असं दर वर्षी म्हणायचे. कधी परदेशचा माल आडवा यायचा, कधी मुंबईचा. गेले तेव्हा ब्रश ओला होता. त्यांच्या मूर्ती पार अमेरिकेपर्यंत पोचल्या आणि ते अलिबागच्या पुढे गेले नाहीत. आता त्यांच्या पाटावर मी बसतो. यंदा वयाचं चव्वेचाळीसावं वर्ष संपेल. मला एकदा इथून निघायचं आहे. बाकी काही नाही.

२६ जानेवारी, रविवार.

निघालो नाही. कारण ग्रुपला शिस्त नाही. मी बारा नियम टाकले होते (नियम ४: लीडरला ओव्हरटेक करू नये). चार जण ग्रुप सोडून गेले. विशालने, म्हणजे रामवाडीच्या गॅरेजवाल्याने, नुसता अंगठा टाकला. रोह्याच्या अमोलने व्हॉइस मेसेज केला की नियम वाचायला आमच्या कंपनीत कमी बोर्ड हायत का, तू निघायचं बोल.

घाईने काम बिघडतं. नवी तारीख शिवजयंतीची.

२ फेब्रुवारी, रविवार.

टेस्ट राईड. टार्गेट रोहा. वडखळपर्यंत गाडी उत्तम. तिथे एका ट्रकवाल्याने मागून विनाकारण हॉर्न मारला. मी कडेला थांबलो. बराच वेळ थांबलो. मग परत आलो, थोडं अंतर गाडी हाताने ढकलत, कारण जुन्या इंजिनाला विश्रांती लागते. घरी आल्यावर डोळे आखायला बसलो नाही. बुलेटचं व्हायब्रेशन फार.

एकूण राईड यशस्वी. रोहा पुढच्या वेळी.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

हायवेची धूळ फार येते. गाडीला चांगली नाही. चंदर आपला जुना कामगार, त्याला घेऊन बुलेट पुढच्या दाराने, माजघरातून, आतल्या खोलीत नेऊन ठेवली. वर जुनी चादर. प्रतिक्षा म्हणाली, अहो, शेडमध्ये राहिली असती की. तिला गाडीतलं काय कळतं.

१६ फेब्रुवारी, रविवार.

शिवजयंती कॅन्सल. चंदरने परदेशी जायच्या मूर्ती माजघरात लावल्या, खालपासून छतापर्यंत. मध्ये मांजर जाईल एवढीच जागा. आत बुलेट.

मी चिडलो. चंदर म्हणाला, तुमीच बोलले ना, माजघर भरा म्हणून. बोललो असेन. लीडरच्या डोक्यात पन्नास गोष्टी असतात.

त्या मूर्तींतल्या निम्म्यांचे डोळे तिथेच आखून झालेत, म्हणजे विषयच संपला. आमच्या घराण्याचा रिवाज आहे. मूर्ती कच्ची असेपर्यंत कुठेही हलवा. पण एकदा डोळे उघडले की ती जागची हलत नाही. हलते ती थेट दाराबाहेर, गिऱ्हाइकाच्या हाती. म्हणून डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते आखणारा माणूस एकच. प्रतिक्षा मदत करते, पण ते लहान मूर्तींचं.

९ मार्च, रविवार. रोहा.

ग्रुपची मीटिंग, नदीकाठी. मी ट्रेनने गेलो, कारण मीटिंगला गाडी नेणं बालिशपणाचं. आता ग्रुपमध्ये चौघे उरलोत. मी, अमोल, विशाल आणि नमिता मॅडम. ह्या पेणच्या शाळेत शिकवतात. ह्यांना कोणी घेतलं माहीत नाही. म्हटलं, मॅडम, लांबचा पल्ला आहे, झेपेल का? त्या म्हणाल्या, मागच्या महिन्यात गोव्याला जाऊन आले. एकटीच. मी विषय बदलला.

मी नकाशा काढून घाटातल्या वळणांवर स्पीड किती ठेवायचा ते समजावलं. अमोल म्हणाला, "मिथुन, तू रस्ता लय शिकवतोस, पण तुला रस्त्यावर कोन बघितलाय का?" सगळे हसले. मीही हसलो. मोठ्याने.

पक्की तारीख १ मे. गुरुवार ते रविवार. अमोल शिफ्ट बदलून घेणार आहे. दोन आठवडे सलग नाईट करून हे चार दिवस मिळतील म्हणाला. म्हटलं, तुझा त्याग वाया जाणार नाही. लीडरचा शब्द.

३० मार्च, रविवार.

पाडवा. बुलेटला हार घालायचा होता. मूर्तींच्या फटीतून काठीच्या टोकाने हार पुढे केला, तर काठी फक्त आरशाला पोचली. आरशाला घातला.

फटीतून बघितलं तर सीटवर पापड वाळत घातलेले. आईला विचारलं. ती म्हणाली, त्या खोलीत ऊन छान येतं सकाळचं. असेल.

हेल्मेट आणलं. काळं, वर निळी लाट. घालून कारखान्यात बसलो, सवय व्हावी म्हणून. डोळे आखताना काच खाली पडत होती. प्रतिक्षाने ते माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घातलं, आरशात बघितलं आणि परत दिलं. म्हणाली, हलकं आहे हो. म्हटलं, खेळणं नाही ते.

२० एप्रिल, रविवार.

परदेशचा माल गेला! आज टेंपो लागले. गणपती आधी बंदरावर, मग अमेरिका, मॉरिशस. माजघर मोकळं. पुढच्या दारातून थेट बुलेट दिसते. बघत उभा राहिलो. दारातूनच.

आज काढायला हरकत नव्हती, पण संध्याकाळ झाली होती. उद्या काढतो.

२१ एप्रिल, सोमवार.

चंदरने विचारलं, शेडमधल्या मोठ्या मूर्ती कुठं लावू, शेड तापते. म्हटलं, तात्पुरत्या माजघरात लाव. डोळे नाहीत अजून, हलवता येतील. माणसाने व्यवहार बघावा लागतो.

२८ एप्रिल, सोमवार.

आज जे झालं ते कामाच्या भरात झालं, हे आधी लिहितो.

सकाळी माजघरात उजेड फार सुंदर पडला होता. दारातली पहिली मूर्ती माझ्याकडे तोंड करून. हातात ब्रश होताच. म्हटलं, एक करू. एक झाल्यावर शेजारची ओकीबोकी वाटायला लागली. बाबा म्हणायचे, हात लागलेला असला की उठू नये. नाही उठलो. दुपारपर्यंत पुढची सगळी ओळ बघायला लागली.

असे डोळे मी वर्षभरात आखले नाहीत. इतका शांत हात. प्रतिक्षा चहा घेऊन आली, ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहा ठेवून गेली. कौतुक करणं हा तिचा स्वभाव नाही.

मग लक्षात आलं, आता बुलेट निघत नाही.

काय हे नशीब.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्यतृतीया.

विशाल आणि अमोल गाडी काढायला आले. मी हताश चेहऱ्याने दाखवलं. विशाल म्हणाला, चार गणपती उचलून बाजूला ठेवले की झालं, मी धरतो. आईने स्वयंपाकघराच्या दारातूनच हात वर केला. "हलवायची नाय कुनी. डोलं उघडलंत त्यांचं." घराणं म्हणजे घराणं. मला आईचा फार अभिमान वाटला.

अमोलने विचारलं, मागचं दार नाय का त्या खोलीला? म्हटलं, मागे अंगणभर आईच्या मिरच्या वाळतायत. आईने माझ्याकडे बघितलं. मग ती आत गेली.

अमोलचे डोळे नाईट करून करून लाल झालेत. म्हणाला, तुझ्यासाठी थांबलो होतो रे आम्ही, जानेवारीपास्नं. मी म्हटलं, तुम्ही जा, माझं बघू नका. कोणीतरी मागे लागेल असं वाटलं होतं. कोणी लागलं नाही.

१ मे, गुरुवार. सकाळी.

पहाटे उठलो. मागच्या अंगणात गेलो तर अंगण स्वच्छ झाडलेलं. मिरच्या नाहीत. आई हल्ली कुठे वाळवते कोण जाणे. तोंड धुऊन आत आलो.

साडेपाचला तिघे दारात. तिन्ही इंजिनं चालू, सगळी आळी जागी. मी निरोपाचे चार शब्द बोलणार, तेवढ्यात प्रतिक्षा आतून आली. पंजाबी ड्रेस, पायात बूट, पाठीला माझी नवी सॅक. म्हणाली, "हेल्मेट द्या."

मला वाटलं, माझ्या डोक्यावर घालायला मागतेय. दिलं. तिने स्वतः घातलं. नमिता मॅडमच्या मागची सीट रिकामीच होती, तिथे बसली. आईने तिच्या हातात भाकऱ्यांचा डबा दिला. म्हणजे भाकऱ्या आधीच झाल्या होत्या. "जा गो बाय, बघून ये," म्हणाली. मला कधी असं म्हणाली नव्हती. अर्थात मी कधी निघालो नव्हतो.

प्रतिक्षा म्हणाली, आमटी झाकून ठेवलीय, लहान मूर्तींचे डोळे राहिलेत तेवढे बघा. काच खाली केली. गेले.

एक नियम तरी पाळला म्हणा. लीडरला ओव्हरटेक केलं नाही. लीडर उभा होता.

२ मे, शुक्रवार.

ग्रुपवर फोटो. जेटीवर चौघे. कोणीतरी तिचा एकटीचा काढलाय, कठड्याला धरून, ओढणी उडतेय, तोंड उघडं. लग्नात पण अशी हसली नव्हती. मी अंगठा टाकला. मग अॅडमिन म्हणून लिहिलं, 'सेफ्टी फर्स्ट'. कोणी उत्तर दिलं नाही. रेंज नसेल.

३ मे, शनिवार.

हरिहरेश्वरचा फोटो. देवळामागचा समुद्र. खाली तिने लिहिलंय, मामंजींच्या नावाने नारळ वाहिला.

बाबांच्या पाटावर बसलो. ब्रश हातात. माजघरातली सगळी ओळ माझ्याकडे बघतेय. हे डोळे मीच आखलेत. पाट दुसरीकडे फिरवला. तिकडूनही बघतात.

दुपारी अलिबागचं गिऱ्हाईक आलं. म्हणाला, डोळे गेल्या वर्षीसारखेच पाहिजेत, वहिनींच्या हातचे. म्हटलं, वहिनी टूरवर आहेत. तो म्हणाला, थांबतो की मग.

५ मे, सोमवार.

प्रतिक्षा काल संध्याकाळी आली. उन्हाने काळी झालीय. हेल्मेट खिळ्याला अडकवलं. लाटेवर एक ओरखडा आहे. विचारलं, समुद्र कसा होता? म्हणाली, उजव्या हाताला होता.

सकाळी ती मागच्या अंगणात मिरच्या पसरत होती. मान वर न करता म्हणाली, गुरुवारी मिरच्या मी आवरून ठेवल्या होत्या. मागच्या दाराची कडी काढली होती. बिजागरीला तेल घातलं होतं. पहाटे तुम्ही अंगणात आलात तेव्हा वाटलं, आता ढकलाल दार. मी आणि आई खिडकीत उभ्या होतो. तुम्ही तोंड धुऊन आत आलात, मग मी बूट घातले.

मी म्हटलं, सांगायचं नाही का? म्हणाली, तुमच्याच घराचं दार, तुम्हाला काय सांगायचं.

मग म्हणाली, विसर्जनानंतर परत जायचं ठरतंय, मालवणपर्यंत. येणार का? म्हटलं, म्हणजे काय. प्लॅन मीच करतो. नियम नव्याने लिहायला लागतील.

ती कामाला बसल्यावर आतल्या खोलीत गेलो, मागच्या दाराने. दार हलक्या हाताने उघडतं, आवाजही येत नाही. सकाळचं ऊन खरंच छान येतं. बुलेटच्या आरशावर पाडव्याचा हार, वाळलेला. सीटवरचे पापडाचे तुकडे झटकले. थोडा वेळ बसलो गाडीवर. समोर गणपतींच्या पाठी.

मग उतरलो आणि कडी लावून घेतली. धूळ फार येते.