धाकट्यानं उचललेलं ढेकूळ

बोरोवाची लाकडी गढी,
संत मिखाएलच्या सणानंतरचा गुरुवार, सन १३६२

प्रिय ओफ्काताईस,

धाकट्या यारोमीरचा नमस्कार. तू आणि मठातल्या सगळ्या भगिनी खुशाल असाल. उपचाराला तुमच्या मठात राहिलेल्या बाबांच्या पायाची सूज तुमच्या लेपानं उतरली, असं मिठाच्या गाडीवाल्यानं सांगितलं. ऐकून जिवात जीव आला. त्यांना बिअर देऊ नका. चोरून दिलीच असशील, तर मला सांगू नकोस.

इथं सगळं छान चाललंय. अक्षर वाकडं आलंय, कारण माझा डावा डोळा सुजून बंद झालाय. सध्या मध उतरवतोय. जुन्या पाइनच्या खोडांत, चार माणसांच्या उंचीवर, मधमाश्यांसाठी कोरलेल्या ढोल्या आहेत. कमरेला दोर बांधून चढायचं, धूर द्यायचा, हात घालायचा. मी धूर स्वतःच्याच तोंडावर घेतला. खालून दोब्रोखना ओरडली, "ड्यूकसाहेब, प्रागच्या विद्यापीठात चार वर्षं हेच शिकवलं का?" दोब्रोखना म्हणजे इथल्या मधवाल्यांचे मुखिया साम्बोर, त्यांची मुलगी. कामाला फार वाकबगार आहे. बोलायलाही.

पाऊस बेताचा झाला. डुकरं धष्टपुष्ट आहेत. गढीचं छप्पर शाकारून झालं.

आता तुझ्या पत्राबद्दल. बाबा येईल त्या पाहुण्याला सांगतात म्हणे, "माझ्या धाकट्याच्या अंगात संत आहे. शहर समोर असताना भावासाठी त्यानं जंगल उचललं." ऐकून मला घाम फुटला. त्यातून त्यांनी बिशपना कळवलं, आणि पुढच्या महिन्यात, संत मार्टिनच्या सणाला, माझं डोकं भादरून मला कायमचा धर्मसेवेत घेणार! म्हणजे बोरोवाही दादाकडे आणि मी गायनमंडळात. बिशपना एवढी घाई कसली झालीय? चार वर्षं मी लॅटिन शिकत होतो तेव्हा कुणाला माझी आठवण नव्हती.

ताई, इथून पुढचं बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांना वाचता येत नाही, माझी सगळी पत्रं तूच वाचतेस, हे मला ठाऊक आहे. पत्र संपल्यासारखं कर आणि हवापाण्याचं बोल.

वाटणीच्या दिवशी तू नव्हतीस. आपल्या घराण्याची रीत तुला माहीतच आहे, थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणून थोरला नेहमी सोनाराच्या तराजूनं वाटे पाडतो. धाकटा हजर नसला, तरच थोरल्याला आधी उचलता येतं. पण मी तर प्रागला, आज ना उद्या पाद्री होणारा, मी कशाला उचलायला येतोय? असं धरून बोगुमिलदादानं सगळं सुपीक एका वाट्यात घातलं: ग्रोडेक शहर, पूल, बाजार, दगडी किल्ला. दुसऱ्या वाट्यात हे बोरोवा, म्हणजे जंगल, तळी आणि माश्या. टेबलावर दोन्हीकडच्या मातीची दोन ढेकळं ठेवली होती. बाबा सगळ्यांसमोर विचारत होते, "धाकटा हजर आहे का?" आणि मी चिखलानं बरबटून दारात उभा.

"हजर आहे," मी म्हणालो.

दादाचा चेहरा चुन्यासारखा झाला. वहिनीनं कडेवरच्या पोरीला असं आवळलं की ती रडायला लागली. "तू... तुझी परीक्षा?" एवढंच दादाला सुचलं.

ताई, खरं सांगतो, मी संतबिंत काही नव्हतो. मला तो चुन्यासारखा चेहरा गोड लागत होता. घरच्यांनी मला जिवंतपणी वजा केलं होतं ना? मग घ्या! माझा हात शहराच्या ढेकळाकडे निघाला. बोटंसुद्धा टेकली.

तेवढ्यात शेजारच्या ढेकळाचा वास आला. त्यात पाइनच्या सुया होत्या, डिंक होता. दोब्रोखनाच्या डोक्यावरच्या रुमालाला तोच वास येतो, प्रागला जाण्याआधीपासून माझ्या ओळखीचा. मी ते उचललं. बाबा रडले, दादानं मला मिठी मारली, सगळे 'धन्य धन्य' म्हणाले आणि मी गप्प राहिलो. दोन महिने गप्प आहे. फुकटचं कौतुक कुणाला नको असतं?

प्रागही मी गुरुजींशी भांडून सोडलं, असं तुला मागं लिहिलं होतं. भांडलो खरा, पण ते नंतर. आधी मिठाच्या गाडीवाल्यानं सांगितलं होतं, की पलीकडच्या जंगलातून साम्बोरकडे दोब्रोखनासाठी सोयरीक आलीय. मी अकरा दिवस चालत आलो.

तिनं त्या मुलाला कधीच परत पाठवलं होतं. मला बघून म्हणाली, "एवढं चालायची काय गरज होती? निरोप धाडायचास." साम्बोर मात्र अडून बसलेत. "मुलगी माझी ढोल्या सोडून शहरात जायची नाही, ते तुम्ही मिटवलंत. पण तुमच्या वडिलांच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय देणार नाही. ड्यूकच्या घरात चोरून शिरायला ती काय मांजर आहे?"

हे लिहीत होतो तर दोब्रोखना मधाच्या पोळ्याचा तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "वाच बघू, बहिणीला काय लिहिलंस." मी पहिल्यापासून वाचलं. ढोलीच्या जागी ती हसली, ढेकळाच्या जागी लाजली. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांसाठी मी न वाचायचं पान?"

तिनं पोळ्याचा तुकडा इथंच ठेवला आणि गेली. कागदाच्या कोपऱ्याला डाग पडलाय तो त्याचा.

ताई, वरचं काही खोडत नाही. बाबांजवळ बस आणि सगळं वाच, पहिल्या ओळीपासून. बिअरचंसुद्धा. मी लपव म्हणालो होतो, तेही वाच.

बाबा, तुम्ही ऐकताय ना? दादाला शहर मी दानात दिलं नाही. मला जे हवं होतं, ते मी सगळ्यांच्या आधी उचललं. रीत तुमचीच आहे. इथं मी फार सुखात आहे, डोळा सुजलाय तरी. बिशपना सांगा, माणूस चुकीचा निवडला. आणि मार्टिनच्या सणाला साम्बोरना 'हो' सांगायला मिठाच्या गाडीतून इकडे या. रस्ता खराब आहे, पण गाडीत गवत भरपूर घालायला सांगितलंय. तुम्ही नाही म्हणालात, तरी तुमच्याच शब्दांत कळवा. ताईचे गोड शब्द मला ओळखू येतात.

तुमचा, संत नसलेला,
यारोमीर