अधिक महिन्यातलं शिवण

२५ मार्च, शनिवार

सुट्टीला आईकडे आले, पण मशीन शिवत नाही. सुई खाली जाते, वर येते, कापडावर नुसती भोकं! वरचा धागा खालच्याला उचलतच नाही. चार वेळा ओवला. बॉबिन बदलली, सुई बदलली, तेल घातलं. भोकंच.

दादाने सोलहून सांबेचं, म्हणजे कफनाचं तागाचं, कापड कुरियरने पाठवलंय. पाठोपाठ फोन — “अधिक महिना एकोणीस एप्रिलला संपतो, मिरान. आईचं ते काम तेवढं उरकून टाक.” उरकून टाक! आईचे अखेरचे कपडे म्हणजे काय विजेचं बिल? या महिन्यात देवांची नजर नसते, आत्ता कफन शिवलं तर माणसाला आयुष्य लाभतं — हे मलाही ठाऊक आहे. पण वहिनीच्या मैत्रिणींच्या सासवांची शिवून झाली, खरी घाई त्याची.

आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तीस वर्षं कारखान्यात शिवण केलेली बाई. आता मोतीबिंदू, सुईचं नाक दिसत नाही. म्हणते, “पोरांना रसायन शिकवतेस, आणि एक मशीन ऐकत नाही तुझं?”

२६ मार्च

सुई उलटी होती! सपाट बाजू डावीकडे हवी. मीच घाईत बसवली असणार. वर्गात सांगते, आधी साधी चूक तपासा. आणि स्वतः?

एक बाही झाली.

१ एप्रिल

पुन्हा भोकं, पुन्हा सुई उलटी. गेल्या रविवारी निघताना मी सुई काढून पुसली होती का? आठवत नाही. स्वतःचीच चीड आली.

त्याच रागात शिवायला बसले आणि सवयीने शिवणीच्या टोकाला उलट टाके घातले. आईने शिवणीवरून बोट फिरवलं. “ही गाठ कशाला? जाताना इथेच अडकून बसू का मी?” कफनात गाठ नसते, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. सगळं उसवलं. “मग तूच शिव ना,” असं म्हणून गेले. डोळे अधू झालेल्या बाईला मी हे म्हणाले.

९ एप्रिल

मशीन दुरुस्त करणारे बांग मिस्त्री आले. बसले, पायडल मारलं, लोण्यासारखी शिवण. “मशीन ठणठणीत आहे, ताई. बिघाड असलाच तर खुर्चीवर आहे.” आई खोकला येईपर्यंत हसली. त्यांना चहा दिला, पण कप आदळूनच ठेवला.

निघताना तपासून लिहून ठेवते आहे — सुई सरळ. सपाट बाजू डावीकडे.

१५ एप्रिल

उलटी.

मी लिहून ठेवलंय! मागचं पान उघडून तीनदा वाचलं. “आई, मशीनला कुणी हात लावला?”

“उंदीर असतील.”

“उंदीर सुईचा स्क्रू सोडवतात?”

“इथले हुशार आहेत.”

मला हसू आलं नाही. तेवढ्यात दादाचा फोन — झालं का? “तुला एवढी घाई कसली आहे?” मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. दिवसभर त्याच्यावर धुमसत होते. पण मी तरी आईला विचारलं होतं का? ‘करून टाकू या ना?’ म्हणाले होते. ती ‘करा’ म्हणाली. याला विचारणं म्हणतात?

१९ एप्रिल, बुधवार

रजा काढून पहिल्या बसने आले. दार उघडंच होतं. आई मशीनपुढे बसलेली, हातात स्क्रू-ड्रायव्हर. सुईची सपाट बाजू बोटाने चाचपत होती. सुई फिरवली, स्क्रू आवळला.

मी पाय न वाजवता फाटकापर्यंत मागे गेले. फाटक जोरात वाजवलं, हाक मारली, मग आत आले.

म्हणाले, “मशीन गेलं कामातून. दादाला तसं कळवते. पुढच्या अधिक महिन्यात बघू.”

“सव्वादोन वर्षं आहेत त्याला,” ती म्हणाली. लगेच म्हणाली. मोजूनच ठेवली असणार.