थापाडीचं घर

गुरुवार, १२ ऑक्टोबर

पोचलो! पाऊस आमच्या आधीच येऊन बसलेला. फुटपाथवर गळलेल्या पानांचा नुसता चिखल, आणि माझ्या नव्या बुटांचं पहिल्याच दिवशी वाटोळं.

हॉटेलची लिफ्ट एवढीशी, की माझ्या मैत्रिणीची, म्हणजे थापाडीची, बॅग आत गेल्यावर आम्ही दोघी बाहेर! चार दिवसांसाठी एवढी बॅग? "अगं, या हवेत कपडे वाळतील का?" म्हणाली. एकाच औषधाच्या दुकानात, एकाच काउंटरमागे आम्ही पंधरा वर्षं शेजारी शेजारी उभ्या आहोत. ही बाई एरवी दोन ड्रेसांत आठवडा काढते.

आमच्या खिडकीतून समोरचं घर दिसतं. तिथे एक बाई इस्त्री करत होती. एकाच निळ्या शर्टाला तीनदा! का? नवरा कुठे निघालाय, की मुलाची मुलाखत आहे? थापाडी म्हणते, "तुझं नाक आधी लोकांच्या घरात शिरतं, मग तू." शिरतंच.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

खेळ सुरू! नियम जुनेच. दुकानात शिरलं की तिनं थाप मारायची, मी साथ द्यायची, आणि जी हसेल तिनं चहा पाजायचा. दर दुकानात नवी थाप हवी. मागच्या सहलीत ती एकीकडे जादूगाराची बायको होती आणि पलीकडच्याच दुकानात निवृत्त न्यायाधीश. चहा कायम मीच पाजते. थाप मारताना माझ्या ओठांचे कोपरे आपोआप वर जातात, त्याला मी काय करू?

आज भांड्यांच्या दुकानात म्हणाली, "मी इथे नव्यानं राहायला येतेय. एकटीच आहे." अगदीच सपक थाप! मग मी मीठमसाला लावला — "एकटी कसली! पाहुणे फार येतात हिच्याकडे. छोटी कढई नको हो, मोठी दाखवा." दुकानदारीणबाई खूश. आणि हिनं कढई खरंच घेतली! गाडीतून नेणार कशी? तर म्हणे, "आवडली."

दुपारी कोपऱ्यावरच्या खानावळीत सूप आणि पाव. सूपात काय काय होतं ते कळेना. वाढणाऱ्याला विचारलं. "मावशी, कालचं सगळं." प्रामाणिक माणूस! आणखी एक वाडगा घेतला.

शनिवार, १४ ऑक्टोबर

दिवसभर रिपरिप. छत्रीची एक काडी गेली.

पडद्यांच्या दुकानात पुन्हा तीच थाप! नियम मोडला म्हणून मी चिमटा काढला, तर बाईसाहेब कापडावरून हात फिरवत राहिल्या. बरं, चालू दे. मी म्हटलं, "हिची खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन थेट डोळ्यांवर. आणि ही उठते उशिरा!" पिवळे नको, राखाडी तर नकोच, असं करत दुकानदाराला पार घाम फोडला. शेवटी गडद हिरवे. मीच निवडले. मग तिनं खिडकीचं माप सांगितलं. तोंडपाठ, लांबी-रुंदीसकट! मारावी तर अशी मारावी थाप.

मला मात्र चैन पडेना. थापा संपल्या की काय हिच्या?

संध्याकाळी आईचा फोन. "पायमोजे बदललेस का? रस्त्यावरचं फार खाऊ नकोस." आणि मग — "काही बोलली का गं ती?" म्हटलं, गप्प कधी असते ती? आईनं पटकन शेजाऱ्यांच्या मांजरीचा विषय काढला. आईला मांजर बघवत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवार, १५ ऑक्टोबर, सकाळ

कढई, पडदे, दोन मग, पायपुसणं. सहलीहून पायपुसणं कोण नेतं?

रविवार, दुपार

उशांच्या दुकानात. तीच थाप. दुकानदारानं विचारलं, "कुठे घेतलीत जागा, ताई?" "मोठ्या हॉस्पिटलच्या मागे. तिथेच औषधांच्या विभागात लागलेय, बुधवारपासून." मला हसू फुटलं. ती हसली नाही.

समोरच्या बेकरीत चहा आणि केक मागवला. मी पर्स उघडली, तर तिनं माझा हात धरला. "आज नको. थाप नव्हती ती."

मग सगळं बाहेर आलं. उन्हाळ्यातच अर्ज केला होता. मालकांना माहीत होतं. माझ्या आईलाही! तरीच ती मांजर मध्ये आली. "तोंडावर सांगायला काय झालं होतं तुला?" मी एवढ्यानं ओरडले, की बेकरीवाल्यानं रेडिओ बारीक केला.

म्हणाली, "तुझ्याकडे बघून सांगितलं असतं, तर माझं जाणंच झालं नसतं. म्हणून दुकानदारांना सांगत होते. वाटलं, ऐकता ऐकता तुला सवय होईल." आणि मग हळूच, "त्याच काउंटरमागे म्हातारी व्हायचं नाहीये गं मला."

राग आला. दोघींचा केक मी एकटीनं खाल्ला. मग त्याच बशीवर रडले. पंधरा वर्षं मला हिच्या पोटातलं सगळं कळतं, अशी माझी समजूत! रस्त्यापलीकडच्या इस्त्रीची चौकशी करत बसले, आणि शेजारी काय शिजतंय त्याचा पत्ता नाही.

डोळे पुसून विचारलं, "खोली केवढी आहे?"

सोमवार, १६ ऑक्टोबर

खोली बघितली. न बघून कशी राहीन? ओटा बरा आहे. नळ गळतो. खिडकी पूर्वेला नाही, पश्चिमेला! माझी तेवढी थाप खोटी निघाली. तिच्या त्या अवाढव्य बॅगेवर उभी राहून मीच पडदे लावले. चपखल बसले. हिरवाच रंग शोभतो तिथे, उगाच कशाला नाही म्हणू.

तिच्या खोलीसमोरच्या घरात बासरी शिकवणारे मास्तर राहतात. त्यांच्या बहिणीशी त्यांचं पटत नाही. तासाभरात एवढं शोधून काढलं आणि तिला सांगून ठेवलं. पुढचं ती बघून कळवणार आहे.

निघताना दारात कढई पुढे करून म्हणाली, "पाहुणे फार येतात म्हणाली होतीस ना? मग ये." नव्या पायपुसण्यावर पाय पुसून बाहेर पडले — उलटंच केलं सगळं.

गाडीत शेजारची जागा रिकामी होती. तिथे छत्री ठेवली.

बुधवार, १८ ऑक्टोबर

आज दुकानात, शुगरच्या गोळ्या नेणारे ते आजोबा आले. काउंटरवर मी एकटी. "तुमची जोडीदारीण कुठाय?"

"आत माल लावतेय, आजोबा. येईलच एवढ्यात."

ओठांचे कोपरे जागचे हलले नाहीत. पहिल्यांदाच!

"मग भेटूनच जातो," आजोबा म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.