दादाच्या जागी होडीत मी

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार, वहिनीलाही सांग. पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटते का? सुटली तर वहिनीची विणायची सुई घाल, डॉक्टरला सांगू नकोस. जन्मभर होडीतून न पडलेला माणूस न्हाणीघरात साबणावरून पडतो, याला काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून मी काही म्हणत नाही.

आता मुद्द्याचं. आम्ही पाचवे आलो! पाचवे, दादा! पहिल्या पाचांना फायनल! ओरडून ओरडून माझा घसा बसलाय, लाँड्रीत गिऱ्हाइकांशी हातवारे करून बोलतेय. (गिऱ्हाइकं खूश आहेत.)

तुझा पाय मोडल्याचं कळलं तेव्हा तुझे मेहुणे इस्त्री हातात धरून भिंतीकडे बघत बसले. एक शर्ट जाळला. दोघांची होडी, दुसरा माणूस नाही, म्हणजे स्पर्धा गेली. मी म्हटलं, मी बसते. तर हे हसले. हसले म्हणून बसले मी, नाहीतर मला काय पडलंय! म्हणाले, "तुला दोन शब्द कळले की झालं. मी ओढ म्हटलं की शिडाचा दोर ओढायचा, सोड म्हटलं की सोडायचा." आता शीड म्हणजे काय रे, एक अवाढव्य चादर. चादरी पिळण्यात माझा जन्म गेला. ओढण्यात मी कुठे कमी पडले नाही. घोटाळा झाला तो सोडण्यात.

पहिल्या दिवशी वारा जोरात, आणि मी यांना एवढंच विचारत होते, की दुकानातून निघताना इस्त्रीचं बटण बंद केलं का. साधा प्रश्न. तर हे म्हणतात, "सोड!" मी म्हटलं, का सोडू? आधी उत्तर द्या. हे ओरडले, "सोड, सोड, अगं सोड!" मी आणखीनच भडकले. (तूच सांग, लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्या प्रत्येक प्रश्नाला "सोड ना" म्हणतो, आज दोराचं चाललंय हे मला कसं कळणार?) तेवढ्यात होडी आडवी आणि आम्ही दोघं पाण्यात. शीड माझ्या डोक्यावर. मी खालूनच विचारलं, बटण? "केलंय गं बाई बंद!" मग हे आधी सांगायला तोंड दुखत होतं का? उलटलेली होडी सरळ करायला तिच्या पोटाखालच्या फळीवर उभं राहतात ना, तू म्हणे तिथे घटकाभर नाचतोस. मी एक पाय ठेवला आणि होडी टुणकन उभी! पण त्या दिवशी आलो शेवटून दुसरे.

मग रोज थोडं थोडं वर सरकलो. शेवटच्या शर्यतीत त्या दातांच्या डॉक्टरला मागे टाकलं तरच पाचांत, असा हिशेब आला. (तोच तो, बायकोला घेऊन येतो आणि वळणावर तुझ्याशी भांडतो.) शेवटच्या वळणाच्या नारिंगी पिंपापाशी आम्ही बरोबरच पोचलो. तर म्हणतो कसा, "काकू, बाजूला व्हा, हे कपडे वाळत घालायचं काम नाही!" काकू! माझ्याहून मोठा असेल मेला. मी होडी कलू नये म्हणून तिच्या काठाबाहेर अर्धी लटकलेली, तशीच त्याच्याकडे वळले आणि त्याच्या दवाखान्याचे पडदे कधी धुतलेत ते सगळ्यांना ओरडून सांगायला लागले. (कधीच नाही.) हे कळवळून म्हणाले, "अगं, सोड ना त्याला!" म्हणजे भांडण सोड. पण मी आता शहाणी झालेली. सोडला दोर! शीड फडफडायला लागलं, होडी थबकली, आणि तेवढ्यात वाऱ्याचा असा झपाटा आला की दोर घट्ट धरून बसलेला डॉक्टर बायकोसकट पालथा! आमची होडी उभीच, शीड मोकळं होतं ना. "ओढ!" हे किंचाळले. ओढलं, दादा! तळहाताची सालं निघाली. होडी पाण्यावरून उडत होती, लाटा माझ्या पाठीवर फुटत होत्या आणि तुझे मेहुणे मोठमोठ्यानं हसत होते. लग्नाच्या फोटोतसुद्धा हा माणूस असा हसलेला नाही.

पंच म्हणाले, "बाई, काय नेमक्या वेळी सोडलंत!" हे म्हणाले, "मीच सांगितलं." मी गप्प बसले. (हो, मी.)

असो. फायनल पुढच्या महिन्यात आहे. तोवर तुझं प्लास्टर निघेल, तुझी जागा तुझीच. मला कसली हौस? कंबर धरलीये, कानातून अजून पाणी येतंय. जप स्वतःला.

तुझी धाकटी

ता. क. हाड जुळलं असं डॉक्टर म्हणाले तरी लगेच ऐकू नकोस. त्यांना खाट रिकामी करायची असते.

ता. क. दुसरं. तुझं तरंगायचं जाकीट मी दोन्ही बाजूंनी उसवून कापड जोडलं. आता तुला त्याचा झगा होईल.

ता. क. शेवटचं. हे म्हणतात, दादा म्हणेल तसं. म्हणून विचारते, फायनलला मी जाऊ? मला जायचंय रे, दादा. हो म्हणणार असशील तर दोन ओळी पाठव. नाही म्हणायचं असेल तर स्वतः येऊन तोंडावर सांग. आमचे तीन मजले चढता आले तर जागा तुझी. लिफ्ट बंद आहे. किती दिवस बंद ठेवायची, ते वॉचमनशी माझं बोलणं झालंय.