हिरव्या चुड्याचं माप

सोलापूर,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय यशोदे,

तुझं पत्र पोचलं. आलेच तर मागच्या दारानं येईन आणि कोठीच्या खोलीतूनच अक्षता टाकीन, असं तू लिहितेस. कोठीच्या खोलीत वच्छलाच्या लग्नाचा गूळ आणि तांदूळ भरला आहे, तिथे माणसाला जागा नाही. तेव्हा तो बेत सोड.

इकडे ऊन कडक आहे. तू आश्रमात गेलीस तेव्हा वच्छला माझ्या कडेवर बसत होती. आता माझ्याहून उंच झाली आहे आणि हट्टाला माझ्यावर गेली आहे. तुझ्या यजमानांच्या मनात होतं की बार्शीच्या व्याह्यांना मुलीची आई वारली असं सांगून मोकळं व्हावं. मी म्हटलं, कमलाकरराव, जिवंत सवाष्णीला मारून लग्न लावायचं असेल तर मला बोलावू नका. मग मीच बार्शीला गेले. महारोग हा शब्द आढेवेढे न घेता उच्चारला आणि आता तुझ्यापासून कोणाला धोका नाही, हा डॉक्टरांचा दाखला पुढे ठेवला. व्याह्यांनी सुपारी कातरली, अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, मुलगी पाहिली, आता आईही पाहू. याहून गोड बोलणं मला नको होतं.

अडलं ते घरातच. चुड्याच्या दिवशी आपल्याकडे आधी आईचा हात भरतात, मग नवरीचा. म्हणून आपल्या गल्लीत बांगड्या भरणाऱ्या गुरम्माला बोलावलं आणि तुझी बोटं आत वळली आहेत हेही सांगितलं. ती टोपली उचलून उभीच राहिली. म्हणाली, "बाई, तुमचा कागद खरा आसंल की. पर रक्तपितीचा हात मी धरला, तर उद्या गल्लीतल्या बायका मला हात देतील व्हय?" तिचं पोट त्यावर आहे, मला रागावता येईना. मी म्हटलं, बरं, बांगड्या ठेवून जा, यशोदेला मीच भरीन. एवढ्यात वच्छला आतून आली आणि म्हणाली, "मग माझाही चुडा मावशीच भरेल."

गुरम्मानं टोपली खाली आदळली. "शिव शिव! नवरीचा हिरवा चुडा रांडमुंड बाईच्या हातनं? तुमी शाळा शिकलाव का येडं शिकलाव? आणा त्यास्नी. दोगींचा हात मीच भरते!"

यशोदे, इतकी वर्षं विधवा म्हणून मला हळदीकुंकवातून उठवण्यात आलं. ते वैधव्य पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलं. रात्री वच्छला आणि मी पोट धरून हसलो.

जाताना गुरम्मानं एकच विचारलं होतं, दुखलं तर त्या बाई सांगतील का? मी म्हटलं, दुखणार नाही, तोच तर रोग आहे.  त्यावर ती म्हणाली, मग मी बघत बघत भरीन. यशोदे, काच लागून हात कापेल आणि तुला कळणार नाही, म्हणून आश्रमात तुझ्या बांगड्या उतरवल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. मी शेजारी दिवा धरून बसेन. पुढे रोज घालायच्या की नाही, ते तू ठरव. त्या दिवशी मात्र घालायच्या.

लोक बोलतील. काही बायका जेवायला थांबणार नाहीत. त्यांची पानं मी मांडणारच आहे.

हे पत्र एवढ्याचसाठी. तुझा हात दाबून लहान होत नाही, म्हणून गुरम्माला बांगड्या मोठ्या आणायच्या आहेत आणि त्यासाठी तिला माप हवं. अंगठा आत घेऊन हात जिथे सगळ्यात रुंद होतो तिथे दोरा गुंडाळ, गाठ मार. दोन्ही हातांचं घे. तुला जमलं नाही तर तिथल्या बाईंना सांग. तुझा हात भरल्याशिवाय वच्छला आपला हात पुढे करणार नाही. येते की येत नाही, यावर मला चार पानं नकोत. पाकिटात नुसते दोन दोरे घाल.

तुझीच,
अक्का