चूळ भरून दिलेला नमुना

बाबा,

"दुर्बीण आत घातली आणि सगळं बिघडलं," असं तुम्ही शेवटच्या आजारपणात आईला म्हणाला होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य तिनं अजून सोडलेलं नाही. काल तिनं ते मला ऐकवलं, कारण आता दुर्बीण माझ्या श्वासनलिकेत घालायची आहे.

दिवाळीपासूनचा खोकला थांबेना म्हणून मी कफ तपासायला दिला. त्यात 'ॲटिपिकल' पेशी निघाल्या. माझा चेहरा बघून डॉक्टर, माझ्याहून लहान मुलगी, म्हणाली, "पहले साँस लीजिए, मैम. इसका मतलब कैंसर नहीं होता." पेशी जशा दिसायला हव्यात तशा दिसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. जुनी सूज असू शकते, संसर्ग असू शकतो, आणि दुसरंही काही असू शकतं. कशामुळे, ते नुसत्या कफावरून ठरत नाही. आत बघून तुकडा घ्यावा लागतो. मग ती सहज म्हणाली, की माझा नमुना निदान चांगला होता, फुफ्फुसाच्या खोल भागातल्या पेशी त्यात आल्या होत्या. पुष्कळ लोक नुसती थुंकी देतात. त्यात तोंडातल्याच पेशी असतात, आणि अशा रिपोर्टात काही वाईट दिसलं नाही तरी फुफ्फुसाबद्दल काहीच कळलेलं नसतं.

तेव्हापासून मला वैशाली नगरच्या आपल्या घरातली, तुमचा कफ तपासायला द्यायचा होता ती सकाळ दिसते आहे. लॅबची प्लास्टिकची डबी बेसिनवर ठेवलेली आहे. उठल्याबरोबर, दात न घासता, छातीतून खोकून काढायचं, असं त्यांनी बजावलेलं आहे. तुम्ही मात्र दात घासता, जीभ खरवडता, गरम पाण्यानं गुळण्या करता, अंघोळ करून देवापुढे दिवा लावता आणि मग डबीत अलगद थुंकता. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "अहो, काही न करता द्यायचं सांगितलंय ना?" तुम्ही म्हणता, "पारोशा तोंडाची घाण काढून लोकांच्या हातात देऊ? बँकेत मॅनेजर आहे मी!"

रिपोर्टमध्ये वाईट पेशी नव्हत्या. संध्याकाळी तुम्ही कांद्याच्या कचोऱ्या आणल्यात. नमुना नीट नाही, पुन्हा द्या, असा लॅबचा फोन आला, तेव्हा "धंदे आहेत यांचे" म्हणून तुम्ही तो ठेवून दिलात. "देऊन टाका ना परत," मी म्हणाले. "तू कधीपासून डॉक्टर झालीस?" एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या दिवाळीपर्यंत तुम्ही तसेच खोकत राहिलात, गच्चीत जाऊन सिगारेटही ओढत राहिलात. कफातून रक्त पडलं तेव्हा दुर्बीण घातली. तिनं फक्त दाखवलं, बाबा. बिघडलं होतं ते आधीच. पण तुम्हाला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि तुमचा शब्द तो शेवटचा शब्द, ही या घराची सवय.

काल मी आईला हे सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. "म्हणजे ती नुसती थुंकी होती गं," मी म्हणाले.

"गेलेल्या माणसाच्या थुंकीवरून बोलतेस? लाज नाही वाटत?"

"आई, तुकडा घेतल्यानं पसरत नाही."

"त्यांचं पसरलं. मी पाहिलंय. तू जा खुशाल, मी येणार नाही. एकदा बाहेर बसले होते, पुरे झालं."

मग ती रडली, आणि मला तिची समजूत काढावी लागली. आजारी मी, आणि समजूत तिची काढायची. हेही तुम्हीच मागे ठेवून गेलात.

उद्या मी जाणार आहे. रिक्षा सांगून ठेवली आहे. बरोबर कुणीतरी हवंच, म्हणून शेजारच्या भाभीजी येतील. त्या चांगल्या आहेत, वाटभर बोलत राहतील. हे पत्र तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही, आईच्या हाती लागेल. एवढं कडू लिहून झाल्यावर खरं सांगायचं तर मला फार भीती वाटते आहे, आणि भीती वाटली की अजून तुम्हीच आठवता. माझं बाळंतपण झालं तेव्हासुद्धा तुम्ही हॉस्पिटलची पायरी चढला नव्हतात, तिथला वास सोसत नाही म्हणून. तरी विचारते. उद्या याल माझ्याबरोबर?