फावड्यावरचं स्टिकर

शनिवार संध्याकाळ, टोकियोजवळचं ग्योतोकु. एकदाचे घरी पोचलो.

मंदारला माहीत होतं. माझी खात्रीच आहे.

हिमवादळात हायवेवरची रांग जागच्या जागी थांबली, आमची गाडीही अडकली, आणि हा डिकीतून एकेक काढायला लागला. ब्लँकेटं, टॉर्च, पाणी, हात गरम करायच्या पुड्या आणि एक फावडं. विचारलं तर म्हणे, "अगं, दोन हजार अकराच्या भूकंपापासून इथे सगळेच ठेवतात." भूकंपाला बर्फाचं फावडं? त्यावर दुकानाचं स्टिकरही अजून तसंच, म्हणजे नवंकोरं! शिवाय उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ लगेच उपसला, नाहीतर धूर आत येतो म्हणाला. हे याला कुणी शिकवलं? म्हणजे वादळाचा इशारा वाचून हा निघाला. सासरे, आमचे बाबा, परवा पुण्याला परत जाणार, त्यांना बर्फ बघायचा होता, मान्य. पण म्हणून या वयात त्यांना असं गारठवायचं?

मी स्टिकर त्याच्यासमोर धरलं. तो शांतपणे म्हणाला, "आणि एका दिवसाच्या सहलीला तू एवढ्या दशम्या कशाला केल्यास? त्याही दुधातल्या, चार दिवस टिकणाऱ्या?"

इशारा मीही वाचला होता. पण बाबांना नको कुणी म्हणायचं?

बाबा मागे मजेत दशमी खात होते. अंगात तीन स्वेटर आणि कानटोपी, सगळं घरूनच घालून निघालेले. जपानी त्यांना येत नाही. पण टीव्हीवरचा बर्फाचा नकाशा तर दिसतो ना?

म्हणजे बाबांनीसुद्धा...?